सातव्या पडद्यावरची रेघ

अक्का, कावळा लगेच शिवला.

पंचगंगेच्या घाटावर तुझ्या दहाव्याला सगळी जमली होती. तुझ्या संदीपनं पिंड मांडला, दोन पावलं मागं सरला, आणि आम्ही अजून पदर-बिदर सावरतोय तोवर पिंपळावरून एक कावळा उतरला, भात उचलला आणि गेला. भावोजींनी उपरण्यानं डोळे पुसले. "बघा. पोराचं न्हाय, माझं न्हाय, कशात म्हणून जीव अडकला न्हाय तिचा. सुखानं गेली." सगळ्यांना बरं वाटलं. कुणाला नोकरी गाठायची होती, कुणाची दुपारची गाडी होती.

मला मात्र राग आला. तुझं काहीच अडलं नव्हतं? माझ्याशी नऊ दिवस धड बोलली नव्हतीस, ते तसंच राहिलं होतं, आणि तरी तुझा कावळा एका मिनिटात? मी घरून तयारी करून आले होते गं. कावळा शिवेना की माणसं एकेक करून पुढं होतात, कुणी म्हणतं म्हाताऱ्याला सांभाळीन, कुणी म्हणतं घर एकत्र ठेवीन. तसं मीही पुढं होणार होते आणि सगळ्यांच्या देखत म्हणणार होते, "अक्का, मी चुकले. ते बोलणं मी परत घेते." आदल्या दिवसापासून घोकून ठेवलं होतं. कावळ्यानं ती वेळच येऊ दिली नाही.

म्हणून आता लिहायला बसले आहे. वरातीमागून घोडं, असं तू म्हणशील. म्हण.

आपण जावा. तू थोरली, मी धाकटी. तू गारगोटीच्या वरच्या अंगाच्या एका गावातून आलेली, शेतकऱ्याची लेक. मी पेठेतल्या शाळामास्तरांची. मी लग्न होऊन आले तेव्हा म्हशी विकून रिकाम्या झालेल्या मागच्या गोठ्यात तू चादरी छापत होतीस. बचत गटाच्या बायकांसाठी ठसेकामाचं पंधरा दिवसांचं शिबिर झालं होतं. बाकीच्या बायका प्रमाणपत्र घेऊन घरी गेल्या, तू लाकडी ठसे घेऊन घरी आलीस. कोयरी, कमळ, वेल. जे सगळे छापतात तेच.

पहिलं वर्षभर मी तुला अहोजाहो करत होते. एकदा गोठ्याच्या कोपऱ्यातल्या माठावरचं झाकण काढलं तर असला वास आला की मळमळलं. काहीतरी नासलंय म्हणून मी तो माठ उचलला आणि मोरीत पालथा केला. तो तुझा काळा रंग होता. भंगारातलं लोखंड, काळा गूळ आणि पाणी, पंधरा दिवस मुरवलेलं. तू आलीस, रिकामा माठ बघितलास आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज लावलास. "अगं, डोळं हाईत का बटणं? पंधरा दिस जपला त्यो रंग!" मीही तापले. "मग तू सांगायचं नाहीस का मला आधी?" तोंडातून 'तू' निघून गेलं आणि मी जीभ चावली. तू कमरेवर हात ठेवून बघत राहिलीस आणि एकदम हसायला लागलीस. "आत्ता जाऊ झालीस बघ. चल, गूळ आण." दुसऱ्या दिवशी आपण दोघींनी मिळून नवा माठ लावला. भावोजी येऊन डोकावले होते. "गुळाची लोकं पोळी करत्यात. तुमी गंज करतायसा."

दगडाचं वेड तुला कधी लागलं ते मला विचारायचंच राहिलं. मला पहिल्यांदा कळलं ते जोतिबाला. दर्शन झालं, मी गुलाल झटकत होते, आणि तू पिशवीतून पाण्याची बाटली काढून देवळाच्या काळ्या भिंतीवर पाणी ओतत होतीस. फुलवाला ओरडला, "ओ पावणं, देव आत हाय!" तू मागं वळूनही बघितलं नाहीस. "देवाला भेटून आलोय. आता भिंतीला भेटतो." मग माझा हात धरून ओल्या जागेवर ठेवलास. कोरड्या भिंतीत काही नव्हतं, नुसता धुरकट काळा रंग. पाणी पडलं तिथं मात्र बारीक पांढरे ठिपके, मधेच हिरवट छटा, एक करडा पट्टा. "दगड वाळला की मुका असतोय. वला केला की बोलतोय."

त्यानंतर तुझ्याबरोबर कुठं जाणं म्हणजे परीक्षाच झाली. ती बाटली प्यायला कधी मिळाली नाही. लोकांच्या उंबऱ्यावर, विहिरीच्या कठड्यावर, घाटाच्या पायऱ्यांवर तू पाणी ओतायचीस आणि मी लोकांची समजूत काढायचे. एकदा हुपरीला लग्नाचे पैंजण आणायला गेलो, तर पैंजण ठरवायचं राहिलं बाजूला, त्या कारागिराच्या दारातल्या पायरीवर तू वाकून बसलीस. त्याच्या बायकोनं आतून आणखी एक तांब्या आणून दिला. तिला वाटलं तू पायरीची पूजा करतेस.

सगळ्यात आधी तू माहेरच्या घराचा जांभा छापलास. लाल, पिवळसर, भोकाभोकांचा. सुतारमामांनी आपले सगळे ठसे कोरले, पण तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता. "बाई, फुल द्या, वेल द्या. भोकं कशी कोरायची?" तू म्हणालीस, "भोकं ऱ्हाऊ द्या. भोकाच्या कडंचं कोरा." उशीचे अभ्रे तयार झाले, तू हौसेनं बाहेरच्या खोलीत मांडलेस, आणि आलेल्या चुलत सासूबाईंनी विचारलं, "कापडाला देवी आल्यात काय गं?" तू चार दिवस फुगून बसली होतीस. पाचव्या दिवशी एक बाई आल्या, त्या अभ्र्यावर हात फिरवत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या गावच्या घराची भिंत आहे ही. त्यांचं घर पाडून तिथं तीन मजली इमारत उभी राहिली होती. त्यांनी सहाच्या सहा अभ्रे नेले. तू तेव्हा माझ्याकडं बघून फक्त भुवया उडवल्या होत्यास. तो चेहरा मला हवा आहे, अक्का. तुझा फोटो भिंतीवर लावला आहे, त्यात तू गंभीर बसली आहेस. तो चेहरा काही तुझा नाही.

आणि काळा दगड. गारगोटीहून परत येताना यष्टी ओढ्यावर जरा हळू झाली आणि तू उठून उभी राहिलीस. "मास्तर, उतरू द्या." कंडक्टर म्हणाला, "अजून गाव न्हाय आलं." तू म्हणालीस, "दगड आलाय की." आख्खी गाडी हसली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले, पण उतरले. तू चपला हातात घेऊन ओढ्यात शिरलीस आणि उशीएवढा एक काळा धोंडा उचललास. त्याच्यातून पांढरी रेघ गेली होती. दोरा सांडावा तशी, वाकडी, कुठं जाड, कुठं केसासारखी. पुढच्या गाडीसाठी आपण दीड तास उन्हात थांबलो. तो धोंडा आळीपाळीनं मांडीवर घेऊन बसलो होतो.

त्या एका धोंड्यातून तू पाच ठसे काढलेस. वीतभर लांबीचे, प्रत्येकात रेघेचा एक तुकडा. मला वाटलं होतं आपण पांढरा रंग आणून रेघ छापणार. तू म्हणालीस, "रेघ छापायची नसतीया. रेघ सोडायची." ठशात सगळा दगड उठावाचा आणि रेघेच्या जागी खाच. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या पिवळसर कापडावर लोखंडी रंगाचा ठसा टेकवला की कापड बघता बघता काळं व्हायचं, आणि जिथं काहीच केलं नाही तिथं रेघ दिसायची. नंतर धुलाईत पिवळेपणा जायचा आणि रेघ उजळायची. पहिल्यांदा ती रेघ एका ठशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरळ चालत गेली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. अजून लाज वाटते, पण वाजवल्या होत्या.

तिथूनच आपलं भांडणही सुरू झालं. दगडात एकच गोष्ट दोनदा येत नाही, म्हणून कापडावरही येता कामा नये, असं तुझं म्हणणं. पाच ठसे तू मनाला येईल तसे फिरवायचीस, उलटे धरायचीस. खूण नाही, पट्टी नाही, पेन्सिल नाही. नजरेनं जोड साधायचा. त्यामुळं आपल्याकडचे कुठलेही दोन पडदे सारखे निघाले नाहीत. फोन घ्यायचे मी. "ताई, एका खिडकीचा डावा पडदा उजव्याशी जुळत नाही," हे ऐकायचे मी. तुला सांगितलं की तुझं ठरलेलं उत्तर, "दोन खिडक्यातनं एकच डोंगार दिसतोय व्हय?" मी म्हणायचे, अक्का, लोकांना जोडी लागते. तू म्हणायचीस, मग लोकांनी टाईल लावावी. बारा वर्षं आपण हेच भांडलो, आणि मला वाटतं आपल्याला ते आवडायचं. भांडण झालं की तू जास्तीचा चहा टाकायचीस.

मग पुण्याच्या मॅडम आल्या. घरं सजवून देण्याचं काम करतात त्या. एका मोठ्या हॉलसाठी आठ पडदे हवे होते, काळ्या दगडाचे, छतापासून जमिनीपर्यंत. आठही शेजारी शेजारी लागणार, रेघ पहिल्यापासून आठव्यापर्यंत वाहत जायला हवी. आपल्या गोठ्याला एवढं मोठं काम कधी मिळालं नव्हतं. तू हरखून गेली होतीस. पहिले सहा पडदे तू छापलेस, मी रंग दिला, कापड ओढलं, वाळवलं. रेघ चालली होती.

पण तुझे हात थरथरायला लागले होते. तू हातचं राखून कधी वागली नाहीस, मात्र हे लपवलंस. बशी दोन्ही हातांनी धरायला लागलीस. सुईत दोरा ओवायची वेळ आली की "चष्मा कुठं गेला कुणास ठाऊक" म्हणायचीस, तो डोक्यावर असताना. डॉक्टरांकडं चल म्हटलं की ताकास तूर लागू द्यायची नाहीस. मीही जास्त विचारलं नाही. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर तुझ्यापेक्षा पडद्यांची जास्त.

म्हणून सातव्या पडद्याच्या कापडावर मी तू यायच्या आधी पेन्सिलीनं ठिपके मारून ठेवले. अगदी पुसट, कडेला. तुला सोपं जावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. तू आलीस, कापडावर हात फिरवलास. तुला ते ठिपके दिसले, हे मला दिसलं. ठसा उचललास, रंगाच्या गादीवर दाबलास, कापडावर ठेवलास, मुठीनं ठोकलास. एक, दोन, तीन. रेघ बरोबर चालली होती. पडद्याच्या मध्यावर आलीस आणि ठसा ठेवलास तो ठिपक्यापासून बोटभर बाजूला. रेघ येऊन तुटली, आणि बोटभर अंतर सोडून पुन्हा सुरू झाली.

मी म्हणाले, "अक्का, हे काय?"

तू म्हणालीस, "दगड हाय. हुतंय असं."

आणि मग मी ते बोलले. इथं लिहिते, कारण लिहिल्याशिवाय परत घेता येणार नाही. मी म्हणाले, "दगडावर कशाला ढकलतेस? तुझे हात कापतात म्हणून रेघ तुटली. आणि आजवर जे जुळलं नाही तेही तुझ्या हातांमुळंच. दगड-दगड हा नुसता बहाणा आहे. हा पडदा आता फेकून द्यावा लागेल."

तू वाद घातला नाहीस. बारा वर्षांत पहिल्यांदा. ठसा नळाखाली नेलास, जुन्या दातांच्या ब्रशनं खाचेतला रंग काढलास, ठसा पालथा घालून ठेवलास. मग हात पुसत पुसत घरात गेलीस. अर्धा पडदा छापायच्या मेजावरच्या गादीवर तसाच. उरलेला अर्धा मी छापला, माझ्या ठिपक्यांवरून, रागारागानं. तो अगदी बरोबर आला.

त्यानंतर नऊ दिवस. खाली तुझं स्वयंपाकघर, वर माझं. "दूध आलंय." "नळ गेला." "संदीपचा फोन होता." एवढंच. जिन्यात भेटलीस की तू अंग चोरून बाजूला व्हायचीस, आणि मला वाटायचं उद्या बोलू, तिचा राग तरी उतरू दे. राग माझा होता खरं तर. तू गोठ्याकडं फिरकली नाहीस. मीही दुपारची वर जाऊन पडायचे, कारण तुझ्याशिवाय तिथं बसवत नव्हतं. कबूल मात्र कोण करणार? तू गेलीस त्या दहाव्या सकाळबद्दल मी काही लिहिणार नाही. ती सगळ्यांनी बघितली आहे.

पण एक गोष्ट फक्त मी बघितली. तुला आंघोळ घालताना तुझा उजवा हात माझ्या हातात होता. बोटांना पिवळा रंग होता, नखांच्या कडांना जास्त. बायकांना वाटलं हळद. एकीनं तर ती चोळून काढायला घेतली. मी तिचा हात धरला. हळद नव्हती ती, हिरडा होता. आणि हिरड्याचा रंग दोन-तीन दिवसांत निघून जातो.

सगळं आवरल्यावर मी गोठ्यात गेले. जुन्या गव्हाणीत, जिथं आपण कापड भिजवतो, तळाला हिरड्याचा गाळ होता, अजून ओलसर. दोरीवर आठव्या पडद्याचं कापड होतं. भिजवलेलं, पिळलेलं, वाळलेलं, मधे एकही सुरकुती नाही. म्हणजे मी वर पडलेली असताना तू मागच्या दारानं येत होतीस. एवढं मोठं ओलं कापड तू एकटीनं कसं पिळलंस? एक टोक खांबाला बांधलं असशील, मी नसले की तू तसंच करायचीस. एका टोकाला गाठीच्या चुण्या होत्या त्यावरून वाटलं. त्या हातांनी. मी तिथं खाली बसले आणि कापडात तोंड खुपसून रडले, आणि कापडाला डाग पडेल म्हणून लगेच बाजूला झाले. तू असतीस तर पहिल्यांदा कापडच बाजूला केलं असतंस.

हे कापड तू कुणासाठी तयार केलंस? स्वतः छापणार होतीस? की मला सांगत होतीस, घे, तुझ्या ठिपक्यांनी छाप? माफ केलं होतंस, की फक्त काम अडू नये एवढंच होतं? तुला ओळखत असूनही मला सांगता येत नाही. आणि सातव्या पडद्यावर तुझा हात चुकला, की माझे ठिपके बघून तू मुद्दाम बोटभर सरकलीस, तेही. मी दोन्हीवर विश्वास ठेवून बघितला. मुद्दाम केलंस असं धरलं की हसू येतं. हात चुकला असं धरलं की स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं.

आता घाटावरची राहिलेली गोष्ट. कावळा शिवल्यावर जीवखडा पुढं आणला. स्मशानात मडकं फोडायला उचलला होता तोच एवढासा दगड, दहा दिवस जपलेला. गेलेल्या माणसाचा जीव त्यात असतो म्हणतात. एकेकानं यायचं, ओंजळीनं तिळाचं पाणी सोडायचं, नमस्कार करायचा, पुढं जायचं. माझी पाळी आली. मी पाणी सोडलं आणि सवयीनं वाकले. तूच लावलेली सवय. ओला दगड दिसला की बघायचं.

काळा दगड होता, अंड्याएवढा. त्यात एक पांढरी रेघ होती, केसासारखी. कडेपासून निघाली, मध्यावर आली आणि तुटली. अगदी जराशी बाजूला सरकून पुन्हा सुरू झाली.

मला बघायचंच होतं म्हणून दिसलं असेल, मान्य आहे. पण मी ओंजळ भरून पुन्हा पाणी घातलं, आणि ती पुन्हा दिसली. तिसऱ्यांदा घालणार तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "बाई, पुढं व्हा, मागं माणसं हाईत." भावोजींनी खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं मला भोवळ येतेय. मला तो दगड हवा होता, अक्का. पदरात बांधून घरी न्यावा, कागद ठेवून रेघ उतरवावी, सुतारमामांकडं जावं. तुझा जीव मी ठशावर कोरायला निघाले होते, एवढी लाज मी सोडली होती. आणि तू वर बसून "पाणी अजून वत, कडंला दिसंना," असंच म्हणत असणार याची मला खात्री आहे. संदीपनं दगड नदीत सोडला. आवाजसुद्धा आला नाही.

तेरावं झालं आणि पुण्याच्या मॅडमचा फोन आला. बाईंनी आधी तुझी चौकशी केली, तू गेल्याचं मी सांगितलं, मग त्या दबकत म्हणाल्या की सातव्या पडद्याचा फोटो बघितला. तो फोटो मी भांडणाच्या दिवशीच पाठवला होता, खाली लिहिलं होतं की हा बदलून देऊ.

"मध्यावर रेघ तुटली आहे ना," त्या म्हणाल्या. "ती चूक आहे का?"

"नाही मॅडम," मी म्हणाले. "दगड आहे. होतं असं."

"मग बदलू नका."

"नाही बदलत. तो अक्कांनी केलाय. त्यापुढचा अर्धा भाग मी केलाय, तिथं बघा, रेघ कशी शिस्तीत आहे. तोच जरा खटकतोय मला."

त्या हसल्या. मी फोन ठेवला आणि जिन्यातच बसले. किती सोपं होतं. चार शब्द. तुला सांगायचे ते चार शब्द मी पुण्यातल्या एका परक्या बाईला सांगितले, आणि त्यांनी ते लगेच मानलेही. तूही मानले असतेस. वर "मग आदी का बोंबललीस?" म्हणून टोमणा मारला असतास आणि चहा टाकला असतास.

काल मी आठवा पडदा घेतला. तू तयार केलेलं कापड गादीवर ताणलं. पेन्सिलीला हात लावला नाही. पाचही ठसे समोर मांडले, तू मांडायचीस तसे, उलटेसुलटे. भावोजी दारात स्टूल टाकून बसले होते. तू गेल्यापासून ते तिथंच बसतात. पूर्वी वास येतो म्हणून आत पाऊल टाकायचे नाहीत.

सातव्याच्या कडेवरून रेघ घेतली आणि निघाले. निम्म्यापर्यंत छान आली. मग ठरवलं, इथं तोडायची. तुझ्यासारखी, बोटभर बाजूला. ठसा उचलला, बाजूला धरला, आणि टेकवायच्या आधी आपोआप हात सरळ झाला. तसाच वर उचलला. जुन्या चादरीवर करून बघितलं. एकदा मुद्दाम सरकवला तर ते मुद्दाम सरकवल्यासारखं दिसलं, सुतारमामांच्या पोरानंही ओळखलं असतं. पुन्हा केलं. रेघ जाऊन रेघेला मिळाली. दहा-बारा वेळा केलं. सगळी चादर भरली, आणि सगळे जोड बिनचूक.

भावोजी म्हणाले, "चांगलं आलंय की गं उज्ज्वला. रडतीस कशाला?"

काय सांगू त्यांना? माझे हात कापत नाहीत, अक्का. ज्या हातांना मी नावं ठेवली, ते मला आता एका दुपारपुरते हवे आहेत.

पडदा गादीवर आहे. ठसे मी तुझ्यासारखेच ब्रशनं घासून पालथे घातलेत. रेघ कापडाच्या मध्यावर येऊन थांबली आहे, पुढचं कापड पिवळं, कोरं आहे. पुढचा ठसा कुठं ठेवू, तेवढं सांग.